घड्याळाचा तास आणि सूर्याचा तास

दर वर्षीं नोव्हेंबर महिन्याच्या ९, १० व ११ या तारखांस कोल्हापुरांत श्रीमहालक्ष्मीच्या देवळांत किरणोत्सव होतो. मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारांतून आंत शिरतात, गरुडमंडप ओलांडून गाभाऱ्यापर्यंत पोंचतात, आणि पहिल्या दिवशीं देवीच्या चरणांस, दुसऱ्या दिवशीं वक्षःस्थळास व तिसऱ्या दिवशीं मुखास स्पर्श करितात, अशी परंपरा आहे. ढग किंवा धूळ आड आली तर त्या दिवशींचें दर्शन हुकतें. न आली तरी सारा सोहळा कांहीं मिनिटांचाच असतो. ज्याला तो पाहावयाचा असेल त्यानें वेळेवर हजर राहिलें पाहिजे. सूर्य कोणासाठीं थांबत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या परिचयाच्या एका घरीं या दर्शनाची निराळीच तयारी चालली होती. घरांतील आजीबाईंचा मुलगा अमेरिकेंत न्यू जर्सी येथें नोकरीस. नातू आठ वर्षांचा, जन्मानें तिकडचाच. देवळांतील सोहळा आतां चित्रासह जगभर दिसूं शकतो. तेव्हां नातवानेंही तो त्याच क्षणीं पाहावा अशी आजीबाईंना हौस. त्यांच्या माजघरांत दोन घड्याळें शेजारीं शेजारीं टांगलेलीं आहेत. एक नेहमींचें; दुसरें त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचें लंबकाचें, आणि तें मुलाच्या गांवच्या वेळेवर लावलेलें. किरण आंत येण्याची वेळ पावणेसहाची. आजीबाईंनीं दुसऱ्या घड्याळाकडे पाहून हिशेब केला आणि मुलास कळविलें, “उद्यां तुमच्या सव्वाआठाला बाळाला घेऊन बैस.” दुसऱ्या दिवशीं रविवार होता. तिकडे बरोबर सव्वाआठ वाजतां नातू आंघोळ करून पडद्यासमोर येऊन बसला. गाभाऱ्यांत समयांचा उजेड तेवढा दिसत होता. त्यानें फोन करून विचारलें, “आजी, किरण कोठें आहेत?” आजीबाई म्हणाल्या, “अरे, ते येऊन गेले. तास होऊन गेला.”

चूक कोणाची? अमेरिकेंत २००७ पासून असा नियम आहे कीं, मार्च महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं पहांटे दोन वाजतां घड्याळें एक तास पुढें न्यावयाचीं, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं पहांटे दोन वाजतां तीं पुन्हां मागें आणावयाचीं. हा नोव्हेंबरमधील रविवार किरणोत्सवाच्या आधीं नुकताच होऊन गेला होता. त्या रात्रीं मुलाच्या घरचे मोबाईल व संगणक यांनीं आपापला तास निमूटपणें मागें घेतला. सकाळीं उठून कोणास कांहीं करावें लागलें नाहीं, म्हणून कोणी कोणास कांहीं सांगितलेंही नाहीं. कोल्हापूरच्या भिंतीवरील लंबकाच्या घड्याळास ही खबर कोण देणार? भारत आणि न्यू जर्सी यांमधील साडेनऊ तासांचें अंतर आतां साडेदहा तासांचें झालें होतें. यंत्रांनीं आपलें काम चोख केलें. माणसांनीं माणसांस सांगावयाचें तें राहून गेलें. आजचें माझें भाषण या राहून गेलेल्या गोष्टीविषयीं आहे.

यंत्रें हें काम कसें करितात तें प्रथम थोडक्यांत पाहूं. मोबाईलच्या पोटांत जी मोजणी चालते तिला उन्हाळा नाहीं आणि हिवाळाही नाहीं. अशीं पुष्कळशीं यंत्रें १९७० सालच्या १ जानेवारीस ग्रिनिचची मध्यरात्र झाल्यापासून किती सेकंद लोटले एवढेंच मोजीत असतात. त्या आंकड्यावरून न्यू जर्सींत किती वाजले आणि कोल्हापुरांत किती वाजले, हें एका कोष्टकावरून ठरतें. कोणत्या प्रदेशानें कोणत्या दिवशीं घड्याळ पुढें नेलें, कोणत्या दिवशीं मागें आणलें, याची जंत्री त्या कोष्टकांत असते. अमेरिकेंत भिंतीवरचीं कांहीं घड्याळें रेडिओच्या संकेतावर चालतात. कोलोरॅडो राज्यांत फोर्ट कॉलिन्स म्हणून गांव आहे. तेथून निघणाऱ्या संकेतांत वेळेबरोबरच उन्हाळी वेळ चालू आहे कीं नाहीं हेंही सांगितलेलें असतें, आणि घड्याळ आपले काटे आपणच फिरवून घेतें. म्हणजे यंत्राची मोजणी बदलत नाहीं. बदलतो तो वरचा चेहरा.

आतां गंमत अशी कीं, त्या कोष्टकांत भारताच्या नांवापुढेंही एक तास पुढें नेल्याची नोंद आहे. आपल्याकडे असें कांहीं कधीं झालें नाहीं, अशी पुष्कळांची समजूत असते. पण तें झालें होतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, हिंदुस्थानची प्रमाण वेळ एक तास पुढें नेलेली होती. एरवीं ती ग्रिनिचच्या पुढें साडेपांच तास असते. त्या तीन वर्षांत ती साडेसहा तास होती. आजच्या तरुणाच्या खिशांतील यंत्रास पणजोबांच्या घड्याळाची ही आठवण आहे. तरुणास मात्र बहुधा ती नसते.

कोल्हापुरास या बदलाचा अर्थ काय, तें साध्या गणितानें कळतें. आपली प्रमाण वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची आहे. ती रेषा मिर्झापूरच्या जवळून जाते. कोल्हापूर सुमारें सव्वाचौऱ्याहत्तर अंशांवर, म्हणजे तिच्या पश्चिमेस सव्वाआठ अंश आहे. पृथ्वीस एक अंश फिरावयास चार मिनिटें लागतात. म्हणून कोल्हापूरची स्थानिक वेळ प्रमाण वेळेच्या ३३ मिनिटें मागें आहे. युद्धकाळांत यांत आणखी एका तासाची भर पडली, आणि घड्याळ सूर्याच्या दीड तासाहूनही अधिक पुढें धांवूं लागलें. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत येथें सूर्य प्रमाण वेळेनें सुमारें सात वाजून पांच मिनिटांनीं उगवतो. त्या वर्षांत तो बदललेल्या वेळेनें आठ वाजून पांच मिनिटांनीं उगवला. कोल्हापुराहून मिरजेस जाणारा लोहमार्ग १८९१ सालींच सुरू झालेला होता, आणि गाडी सूर्याच्या वेळेनें सुटत नसते. ज्याची गाडी सातची असेल त्यानें हिवाळ्यांत अंधारांतच स्टेशनाची वाट धरावयाची, असा त्याचा अर्थ.

त्या काळीं घरांतील घड्याळ आपोआप बदलत नव्हतें. लंबकाचें, टोले देणारें घड्याळ पुढें न्यावयाचें म्हणजेही एक लहानसा विधीच असे. मोठा काटा एकदम फिरवून चालत नाहीं. अर्ध्या तासावर थांबावें, टोला पुरा होऊं द्यावा. मग तासावर न्यावा, तेथेंही सारे टोले पडूं द्यावे. घाई केली तर जुन्या रचनेच्या घड्याळांत काटे एक सांगूं लागतात आणि टोले दुसरेंच. मागें आणणें याहून अवघड, कारण पुष्कळशा अशा घड्याळांचे काटे उलटे फिरविले तर आंतील यंत्र बिघडण्याची भीति असते. त्यावर उपाय एकच: लंबक हातानें थांबवावा, एक तास वाट पाहावी, आणि पुन्हां झोंका द्यावा. १५ ऑक्टोबर १९४५ या दिवशीं ज्यांनीं ज्यांनीं हें केलें असेल त्यांच्या घरांत एक तासपर्यंत घड्याळाचा आवाज बंद पडला असेल, आणि ‘घड्याळ कां थांबलें?’ असें मुलांनीं नक्कीच विचारलें असेल. त्या प्रश्नाचें उत्तर देतां देतां बदल सर्व घरास कळला. हातानें केलेल्या कामाचा हा एक गुण आहे. तें सांगितल्यावांचून होत नाहीं.

ही कल्पना मूळची कोठली? न्यूझीलंडमधील जॉर्ज हडसन या कीटकसंग्राहकानें १८९५ सालीं उन्हाळ्यांत घड्याळें दोन तास पुढें न्यावींत अशी सूचना केली होती. इंग्लंडांत विल्यम विलेट या घरबांधणीच्या व्यावसायिकानें १९०७ सालीं उजेडाच्या नासाडीवर एक पुस्तिका छापली. उन्हाळ्यांत सूर्य उगवून कितीतरी वेळ झाला तरी लोक अंथरुणांत असतात, आणि संध्याकाळीं मात्र दिवे जाळतात, हें त्यास सहन होईना. एप्रिलमधील चार रविवारीं वीस वीस मिनिटें घड्याळ पुढें न्यावें, अशी त्याची योजना होती. पार्लमेंटनें ती मानली नाहीं, आणि १९१५ सालीं तो वारला. पुढच्याच वर्षीं पहिल्या महायुद्धाच्या ऐन धुमाळींत कोळसा वांचविण्यासाठीं जर्मनीनें एप्रिलअखेर घड्याळें पुढें नेलीं आणि मे महिन्यांत इंग्लंडनेंही नेलीं. दुसऱ्या महायुद्धांत तर इंग्लंडांत उन्हाळ्यांत घड्याळें ग्रिनिचच्या दोन तास पुढें असत. जें सुखाच्या काळांत कोणी ऐकलें नाहीं तें युद्धानें करून घेतलें.

विलेटचें म्हणणें त्याच्या देशापुरतें अगदीं चुकीचें नव्हतें. लंडनांत जूनमधील मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक असतो आणि डिसेंबरांतील लहान दिवस आठ तासांहूनही कमी. उन्हाळ्यांतील तो अफाट उजेड पहांटेकडून संध्याकाळकडे सरकवावा असें तेथें वाटणें स्वाभाविक आहे. कोल्हापुरांत मोठा दिवस सुमारें तेरा तासांचा आणि लहान दिवस सुमारें अकरा तासांचा; दोहोंत फरक काय तो दोन तासांचा. आमच्याकडे सरकविण्याजोगा उजेड मुळांत थोडा. शिवाय थंड देशांतील माणसास संध्याकाळचें ऊन हवेंसें असतें. वैशाखांत तें आणखी तासभर लांबावें अशी इच्छा आपल्याकडे कोण करील?

तरीही तासाच्या प्रश्नावर आपल्याकडे भांडणें झालीं आहेत, आणि तीं केवळ हौसेचीं नव्हतीं. १ जानेवारी १९०६ पासून सरकारनें हिंदुस्थानची एकच प्रमाण वेळ अंमलांत आणली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटें मागें. मुंबईकरांस हें मान्य झालें नाहीं. त्याच जानेवारींत गिरण्यांतील हजारों कामकऱ्यांनीं नव्या वेळेवर कामास जाण्याचें नाकारलें, आणि दगडफेकही झाली. शहाणे लोक त्यांस अडाणी म्हणाले असतील; पण त्यांच्या बाजूनें पाहा. ज्याला भोंग्याबरोबर दारांत हजर राहावयाचें आहे, त्याला घड्याळांतील ३९ मिनिटें हा आंकडा नसतो. ती त्याची झोंप असते, आणि त्याच्या बायकोनें अंधारांत पेटविलेली चूल असते. म्युनिसिपालिटींत फिरोजशहा मेहतांसारख्या पुढाऱ्यांनींही नव्या वेळेस विरोध केला, आणि मुंबईनें आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत जवळ बाळगली. कलकत्त्यानें आपली वेळ १९४८ सालीं सोडली. इतकीं वर्षें एकाच शहरांत दोन वेळा नांदल्या. निमंत्रणपत्रिकेवर नुसतें ‘पांच वाजतां’ लिहून भागत नसे, कोणते पांच हेंही सांगावें लागे.

एक वेळ असावी हें मला मान्य आहे. गाडी, तार, टपाल, बँक यांचा व्यवहार गांवोगांवच्या सूर्यावर चालणार नाहीं. जुन्या घटिकापात्राची गोष्ट निराळी होती. तांब्याची वाटी, तिच्या तळाला बारीक छिद्र; पाण्यावर सोडली कीं ती २४ मिनिटांत भरून बुडे. ती एक घटिका. अशा साठ घटिकांचा अहोरात्र, आणि मोजणीचा आरंभ सूर्योदयापासून. ज्या गांवचा सूर्योदय त्या गांवची वेळ. ती वेळ लग्नाच्या मुहूर्तास पुरेशी होती. मुंबईच्या गाडीस ती पुरेशी नाहीं. परंतु सोयीसाठीं केलेला ठराव हा ठराव आहे, निसर्गाचा नियम नव्हे, एवढें विसरूं नये. आणि ठराव म्हटला कीं, त्याचा भार कोणावर पडतो हें विचारण्याचा अधिकार सर्वांस आहे.

आमच्याकडे याहून सरळ एक रीत पूर्वींपासून आहे. मार्च-एप्रिलचें ऊन तापूं लागलें कीं शाळा सकाळच्या होतात. घड्याळास कोणी हात लावीत नाहीं. कामाची वेळ तेवढी हलवितात. ‘उद्यांपासून सकाळची शाळा’ असें मूल घरीं येऊन सांगतें, आणि आईस डबा केव्हां करावयाचा तें कळतें. पाश्चात्त्य देश घड्याळ हलवितात आणि शाळा मात्र जुन्याच आंकड्यावर ठेवितात. आम्ही शाळा हलवितों आणि घड्याळ जागच्या जागीं ठेवितों. परिणाम पुष्कळसा एकच. पण एकांत ‘लवकर उठा’ असें उघड सांगितलेलें असतें, आणि दुसऱ्यांत तें घड्याळाच्या तोंडून वदविलेलें असतें. आसामांत चहाच्या मळ्यांवर ‘बागान टाइम’ म्हणून एक तास पुढची वेळ इंग्रजी अमदानीपासून चालत आली आहे. तेथें सूर्य फार लवकर उगवतो, म्हणून ती त्या भूमीस शोभते. प्रत्येक भूमीनें आपल्या सूर्याकडे पाहून ठरवावें, हेंच त्यांतील तात्पर्य.

येथें कोणी म्हणेल कीं, मग सूर्यच खरा, घड्याळ खोटें. तसेंही नाहीं, आणि याचा पुरावा आपल्या किरणोत्सवांतच आहे. हा उत्सव वर्षांतून दोनदां होतो: नोव्हेंबरांत ९ ते ११, आणि पुन्हां ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या तारखांस. या दोन्ही वेळीं सूर्य आकाशांत दक्षिणेकडे जवळजवळ सारखाच कललेला असतो, म्हणूनच किरण त्याच वाटेनें आंत येतात. परंतु नोव्हेंबरांत कोल्हापूरचा सूर्यास्त सुमारें सहा वाजतां होतो आणि फेब्रुवारीच्या आरंभीं सुमारें साडेसहा वाजतां. सूर्य तोच, दार तेंच, मूर्ति तीच; घड्याळांत मात्र अर्ध्या तासाचा फरक! कारण पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळ नाहीं आणि तिचा आंसही कललेला आहे. त्यामुळें नोव्हेंबरच्या आरंभीं छायायंत्र घड्याळाच्या सुमारें १६ मिनिटें पुढें असतें, आणि फेब्रुवारींत सुमारें १४ मिनिटें मागें पडतें. सूर्याचे दिवस आपसांत समान नाहींत. माणसानें त्यांची सरासरी काढून समान तास केले. म्हणजे आपलें अगदीं साधें, कधीं पुढें-मागें न होणारें घड्याळसुद्धां एक ठरावच दाखवीत असतें. देवीपुढें उभा राहणारा भक्त घड्याळ पाहून येतो खरा. पण दर्शन सूर्याच्या वेळेनें घेतो.

तेव्हां, श्रोतेहो, ज्यांचीं मुलें-मुली परदेशीं आहेत त्यांस एक-दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून पुरें करितों. अमेरिकेच्या तारखा मघां सांगितल्या. इंग्लंड व युरोप यांचा बदल मार्च आणि ऑक्टोबर या महिन्यांच्या शेवटच्या रविवारीं होतो; म्हणून लंडनची मुलगी आणि न्यू जर्सीचा मुलगा यांचीं अंतरें एकाच दिवशीं बदलत नाहींत. दोघांस एकदम बोलवावयाचें असेल तर वेळ सांगतांना आपल्या गांवची सांगावी, आणि तिच्यामागें ‘कोल्हापूरची’ हा शब्द अवश्य जोडावा. तिकडचा हिशेब तिकडच्या माणसानें करावा. तारखेच्या वहींत ते चार रविवार लिहून ठेवावे. आणि घरांत निदान एक घड्याळ असें ठेवावें कीं जें हातानें लावावें लागतें. आपोआप बदलणाऱ्या यंत्रांनीं आपले पुष्कळ कष्ट वांचविले, हें निर्विवाद आहे. पण त्या कष्टांबरोबर एकमेकांस सांगण्याचें निमित्तही गेलें. तें गमावूं नये.

आजीबाईंनीं तें गमावलें नाहीं. त्या फसलेल्या किरणोत्सवानंतर त्यांच्या घरीं एक नवीन प्रघात पडला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं तिकडे सकाळ झाली कीं नातवाचा फोन येतो, “आजी, आज आम्ही मागें आलों.” इकडे तेव्हां संध्याकाळ असते. आजीबाई खुर्ची ओढून घेतात, सासऱ्यांच्या त्या घड्याळाचें काचेचें दार उघडतात, आणि लंबक धरून थांबवितात. मग एक तासपर्यंत घड्याळ बंद, आणि दोघांचें बोलणें चालू. तास भरला कीं नातूच तिकडून सांगतो, आणि आजीबाई लंबकास झोंका देतात. पुढच्या वर्षीं तो पडद्यासमोर सव्वासातालाच येऊन बसला होता. त्या दिवशीं कोल्हापुरांत आकाश निरभ्र होतें.